‘आज आला नाही का?’ : दिव्यांग माणसाला गावात माणसं कशी मिळवून द्यावीत

औसा तालुक्यातल्या एका घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा सरकारकडून मिळण्यासारखं जवळजवळ सगळं त्या घराला मिळालेलं होतं. युडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) होतं, निराधार योजनेचे पैसे खात्यावर येत होते. शिबिरात मिळालेली चाकाची खुर्ची ओसरीत उभी होती आणि तिच्यावर ज्वारीचं पोतं ठेवलं होतं. पोरगा तेवीस वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूच्या इजेमुळं हातपाय ताब्यात राहत नाहीत), भिंतीला धरून चार पावलं टाकतो, बोलणं जड पण कान देऊन ऐकलं तर कळतं. अठरापर्यंत विशेष शाळा झाली, त्यानंतरची पाच वर्षं त्याच ओसरीवर गेली. मी आईला विचारलं, “घरची माणसं सोडून गेल्या आठ दिवसांत ह्याला नावानं हाक कुणी मारली?” ती बराच वेळ आठवत राहिली. म्हणाली, “दूधवाला मारतो की, सर. पण ती हाक मला असती.”

विशेष शिक्षक म्हणून लातूर-धाराशिवकडच्या गावांत मी घरोघर जातो. पेन्शन, शिबिर, प्रमाणपत्र ह्यांवर मराठीत वाटेल तेवढं लिहिलेलं सापडतं. पोरगं ओसरीवरून पारापर्यंत न्यायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही. पुढचं सगळं त्याबद्दल आहे. आईवडील, भाऊ-बहीण, कर्मशाळेतले (दिव्यांगांना काम शिकवणाऱ्या संस्थेतले) काळजीवाहक, गावातली आशाताई, कुणीही हे करू शकतं. पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

आधी आठ दिवस फक्त वही

शंभर पानी वही घ्या. रोज रात्री दोनच गोष्टी लिहा. आज तो उंबऱ्याबाहेर किती वेळ होता? आणि आज त्याच्याशी कोण बोललं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तीन रकान्यांत टाका: घरचे, पगारी माणसं (शिक्षक, फिजिओथेरपिस्ट, नर्सताई, मीसुद्धा) आणि बाकीचे. बोलणं म्हणजे त्याच्याशी बोलणं. “हा जेवला का?” असं आईला विचारलं तर ते धरायचं नाही.

बहुतेक घरांत तिसरा रकाना कोरा राहतो. वाईट वाटतं, पण वही फेकू नका, सहा महिन्यांनी लागणार आहे.

मग त्याला विचारा

आईला सगळं माहीत असतं, हे खरं. पण आईला जे माहीत असतं ते बहुतेकदा त्याच्या जेवणाचं, औषधाचं आणि झोपेचं असतं. त्याला ट्रॅक्टर बघायला आवडतात की भजन, हे ती अंदाजानं सांगते.

बोलता येत असेल तर विचारा, आणि विचारून गप्प बसा. उत्तर यायला मिनिट लागलं तर मिनिटभर थांबा. बोलता येत नसेल तर मोबाइलवर गावातल्याच जागांचे फोटो काढा: मारुतीचा पार, पिठाची गिरणी, चहाचं हॉटेल, क्रिकेटचं मैदान, आठवडी बाजार, दूध संकलन केंद्र. एका वेळी दोनच फोटो समोर धरा. नजर कुठं जाते, हात कुठं जातो, बघा. हे तीन वेगवेगळ्या दिवशी करा, कारण पहिल्या दिवशी पोरं सरांना आवडेल ते दाखवतात. तेवढ्यानंही कळलं नाही तर त्या जागी नेऊन पंधरा मिनिटं बसा. चेहरा आणि हातपाय सांगतात. ताठरलेले हात सैल पडले तर जागा बरी आहे.

एक सूचना. अंध माणूस दिसला की त्याच्यापुढं पेटी ठेवायची, हा आपल्याकडचा जुना रिवाज. प्रत्येक अंधाला सूर असतोच असं नाही. माझ्या ओळखीच्या एका अंध गृहस्थांना हार्मोनियमचा मनापासून वैताग आहे. त्यांना बाजारातले भाव ऐकायला आवडतात.

जागा निवडताना

मोठे कार्यक्रम टाळा. 3 डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन असतो. मंडप पडतो, शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतात आणि 4 डिसेंबरला पोरगं पुन्हा ओसरीवर. सत्कारानं ओळख होत नाही.

तीच माणसं, तीच वेळ आणि हाताला काहीतरी काम, अशी जागा शोधा. दूध केंद्र सकाळ-संध्याकाळ भरतं आणि तीच चाळीस घरं येतात. हरिपाठ रोज संध्याकाळी. गिरणीवर बायका अर्धा-अर्धा तास थांबलेल्या असतात. गणेश मंडळाची वर्गणी, भजनी मंडळाचा सराव, वाचनालयात सकाळी पेपर वाचणारी चार म्हातारी माणसं, ह्या सगळ्या चांगल्या जागा. आठवडी बाजार तेवढा चांगला नाही. गर्दी अनोळखी, दर वेळी वेगळी. पुढं पैशाचा सराव करायला तो कामाला येईल.

1993 च्या 30 सप्टेंबरच्या भूकंपानंतर वसवलेल्या किल्लारी भागातल्या गावांत एक वेगळीच अडचण आहे. रस्ते रुंद, चाकाच्या खुर्चीला बरे. पण घरं लांब लांब आणि जुन्या गावासारखा गर्दीचा पार नाही. तिथं किराणा दुकान किंवा एसटीचा थांबा हाच पार समजावा.

दिवसाची वेळही बघा. मानसिक आजाराच्या गोळ्या घेणाऱ्याला सकाळी सुस्ती असते, त्याला पहाटेच्या काकड्याला उठवून उपयोग नाही, संध्याकाळचा हरिपाठ चालेल. स्वमग्न मुलाला भोंग्यांचा आवाज सोसत नाही. त्याला मंडपात न बसवता मागं स्वयंपाकाच्या बाजूला बसवा, तिथं शेंगा फोडणं, भाजी निवडणं चालू असतं.

काम : ह्या लेखातली मुख्य गोष्ट

पोरगं नुसतं नेऊन बसवलं तर दोन दिवस लोक विचारतील, तिसऱ्या दिवशी विसरतील. बसलेल्या माणसाची कुणी वाट बघत नाही. ज्याच्यावाचून काहीतरी अडतं त्याचीच वाट बघितली जाते.

मला हे सप्ताहात कळलं. अखंड हरिनाम सप्ताह आपल्याकडं गावोगाव होतो. सात दिवस, सात रात्री नामस्मरण खंडू द्यायचं नाही आणि वीणा खाली ठेवायची नाही. एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. पहाऱ्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात, नावांची यादी मंदिरात भिंतीवर लागते. एका गावात तीस-बत्तीस वर्षांचा एक बौद्धिक दिव्यांग माणूस रोज मंडपाच्या कडेला बसायचा. प्रसाद घ्यायचा, जायचा. कुणी त्रास देत नव्हतं, कुणी बोलतही नव्हतं. त्याचा भाऊ आणि मी मिळून विणेकऱ्यांच्या म्होरक्याकडं गेलो आणि ह्याचं नाव यादीत घालाल का, विचारलं. दुपारी दोन ते तीन. उन्हाच्या वेळेला पहारा कुणालाच नको असतो, त्यामुळं जागा लगेच मिळाली. (मागताना लोकांना नकोशी असलेली वेळ मागा, नाही म्हणायला जड जातं.)

आधी आठ दिवस भावानं घरी सराव घेतला. जुन्या ओढणीचा पट्टा करून खांद्यावर पाटी अडकवली आणि ‘राम कृष्ण हरी’ म्हणत अंगणात फेऱ्या. सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी तो झोपला आणि दोनला आलाच नाही. आधीच्या पाळीचे आबा वीणा घेऊन उभे. खाली ठेवता येईना, सोडून जाता येईना. सव्वादोनला त्यांनी एका पोराला त्याच्या घरी पिटाळलं, “जा, बलाव त्याला, माझी पाठ गेली.” सगळ्या मंडपात त्याचं नाव मोठ्यानं घेतलं गेलं. मला वाटतं, ते पहिल्यांदाच.

असं काम हुडका. छोटं चालेल, पण त्याच्यावाचून दुसऱ्याची पंचाईत व्हायला पाहिजे.

ओसरीवरच्या त्या पोरासाठी आम्ही दूध केंद्र निवडलं. तिथं फॅट काढायच्या मशीनमधून पावती निघते, ती फाडून ज्याची त्याला द्यायची असते. केंद्रवाला एकटाच माप घ्यायचा, बाटली लावायचा, पावती द्यायचा, त्यामुळं रांग तुंबायची. पोराचा उजवा हात चालतो. चाकाची खुर्ची टेबलाला लावली, पावती फाडून पुढं करायची. पावती घ्यायला प्रत्येकाला त्याच्यासमोर यावं लागतं. महिनाभरात चाळीस घरांपैकी कुणाचं फॅट घसरलं हे त्याला तोंडपाठ झालं. आता लोकच विचारतात, “काल माझं किती आलं होतं रे?”

आणखी काही कामं, गावागावांत जमलेली: पंगतीत पाणी वाढणं (ऐकू न येणाऱ्याला हे छान जमतं, त्याला हाका ऐकायची गरज नसते, हात वर झालेला दिसतो), देवळात सांजवात, वाचनालयात पेपर घडी घालून जागेवर लावणं, क्रिकेटच्या सामन्यात धावफलक, हरिपाठाला टाळांची पेटी उघडणं आणि मोजून बंद करणं. टाळांच्या पेटीची किल्ली ज्याच्याकडं असते त्याला शोधत लोक घरी येतात.

मोबदल्याचं आधी बोला. जिथं इतरांना पैसे मिळतात त्या कामाला ह्यालाही मिळाले पाहिजेत. जिथं सगळेच सेवा म्हणून करतात तिथं ह्यानंही सेवा करावी. ‘तेवढाच त्याचा वेळ जातो’ म्हणत दुकानात फुकट राबवून घेणारे भेटतात. तिथून उठून यावं.

बोलणी कशी करावी

“बिचाऱ्याला काहीतरी द्या हो” असं कधी म्हणू नका. त्यानं दया येते, आणि दया आठ दिवसांत आटते. सरळ व्यवहाराचं बोला: “सकाळी सहा ते सात पावत्या द्यायला माणूस लागतोय ना? हा देईल. पहिले आठ दिवस मी शेजारी थांबतो. जमलं नाही तर तोंडावर सांगा, राग नाही.”

सरपंचाकडून निरोप धाडू नका. वरून आलेला माणूस गावाला खपत नाही. ज्याच्याशी रोजचा संबंध येणार त्याच्याशीच बोला, आणि शक्यतो पोराला समोर ठेवून बोला.

आजाराचं लांबलचक नाव सांगत बसायचं नाही. तीनच गोष्टी सांगा: ह्याच्याशी कसं बोलावं, कशानं तो बिथरतो आणि काही झालं तर फोन कुणाला करायचा. चिठ्ठीवर लिहून दिलं तर आणखी बरं. ऐकू न येणारा असेल तर रोजच्या दहा खुणा चार-पाच जणांना शिकवा: चहा, पाणी, थांब, उद्या, किती, घरी चल. घरात आईनं बनवलेल्या खुणांपासून सुरू करा. भारतीय सांकेतिक भाषेचे दहा हजार शब्दांचे व्हिडिओ नवी दिल्लीच्या आयएसएलआरटीसी ह्या सरकारी संस्थेनं इंटरनेटवर मोफत ठेवलेत, त्यांतून हळूहळू भर घालता येते.

पहिले तीन आठवडे

हे नीट वाचा. जास्तीत जास्त लोक इथंच चुकतात, मीही चुकलोय.

पहिले तीन दिवस शेजारी बसा. वेळ थोडी ठेवा, अर्धा तास पुष्कळ झाला. तो कंटाळायच्या आत उठा, म्हणजे दुसऱ्या दिवशी यावंसं वाटतं. चौथ्या दिवसापासून दहा हात लांब. दुसऱ्या आठवड्यात समोरच्या हॉटेलात चहा घेत बसा, दिसाल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर. तिसऱ्या आठवड्यात सोडा आणि निघून जा.

लांब जायचं कारण असं. तुम्ही शेजारी असाल तोवर लोक तुमच्याशीच बोलणार. “हा चहा घेतो का?” असं तुम्हाला विचारतील. उत्तर देऊ नका. त्याच्याकडं बघा. समोरचा अवघडला तरी दोन-चार सेकंद तसंच राहू द्या. ते जमत नसेल तर खिशातून मोबाइल काढून त्यात डोकं घाला. ती शांतता मोडायची घाई मी पहिल्या वर्षी इतक्या वेळा केली की एका गावात लोक मलाच ‘त्या पोराचं तोंड’ म्हणायला लागले.

तुमच्यानंतर तिथला एक माणूस हवा, ज्याचं लक्ष राहील. तो बहुतेक स्वतःहून पुढं येतो, आणि आपण धरलेला नसतो असाच निघतो. दूध केंद्रावर सरपंचाच्या मुलावर माझी भिस्त होती, प्रत्यक्षात सांभाळलं ते एका फटकळ म्हाताऱ्या काकूंनी. त्या त्याच्यावर ओरडतात, “पावती नीट फाड की रं!” इतरांवर ओरडतात तशाच. मला ते फार आवडतं.

वाट, ऊन आणि संडास

पावसाळ्यात काळी माती चाकाला असली चिकटते की खुर्ची दहा पावलांत थांबते. पांदीनं न जाता डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यानं लांबून न्या. नसेल तर जून ते सप्टेंबर घराजवळची जागा धरा. देवळाला, ग्रामपंचायतीला उतार करायचा झाला तर साधं माप लक्षात ठेवा: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. गवंडी चार फुटांत बसवून देतो म्हणतात. त्यावरून खुर्ची चढत नाही, घसरते मात्र नक्की.

ज्याला ढुंगणाखालचं जाणवत नाही त्यानं खुर्चीत दर पंधरा-वीस मिनिटांनी हातावर भार देऊन अंग उचलावं किंवा दुसऱ्यानं कलतं करावं. नाहीतर गादीजखम होते आणि तिला बरी व्हायला महिने लागतात. मणक्याला वरच्या बाजूला इजा झालेल्यांना इजेखालच्या अंगाला घाम येत नाही, म्हणून आपल्या एप्रिल-मेच्या 42 अंशांत त्यांचं अंग तापत जातं. ओलं फडकं मानेवर, सावली, आणि दुपारी बारा ते चार घरात. मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनीही ऊन जास्त बाधतं.

आणि संडास. मुली-बायका बाहेर जायचं म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग लघवीची जळजळ, ताप, आणि ‘बाहेर नेलं की आजारी पडती’ असं घरचे म्हणतात. जागा ठरवतानाच तिथून जवळ कुणाचा संडास वापरता येईल, दार पुरेसं रुंद आहे का, बघून त्या घरच्या बाईशी आधी बोलून ठेवा. ही एक गोष्ट केली नाही तर बाकीचं सगळं पाण्यात.

तालुक्याला जायला एसटी. दिव्यांगांना तिकिटात 75 टक्के सवलत आहे, आणि दिव्यांगत्व 65 टक्क्यांहून जास्त असेल तर सोबत्यालाही 50 टक्के. पहिल्या पायरीची उंची हा खरा प्रश्न. सुरुवातीच्या थांब्यावरून गाडी धरा, तिथं ती उभी असते, चढायला वेळ मिळतो.

मुलींचं वेगळं बोलावं लागतं

मुलगा असेल तर घरचे ‘बघू’ म्हणतात. मुलगी असेल तर ‘नको’. भीती खरी आहे, पण घरात कोंडल्यानं ती सुरक्षित होत नाही. तिच्याशी बोलणारं कुणी नसेल तर काही झालेलं ती सांगणार कुणाला? बायकांच्या जागांपासून सुरू करा: भजनी मंडळ, हळदीकुंकू, शिवणकाम, बचत गट. उमेद ह्या सरकारी बचत गट अभियानात दिव्यांगांचा वेगळा बचत गट पाच जणांचाही होतो. पण नुसत्या दिव्यांगांचा गट हा शेवटचा पर्याय ठेवा, आधी वस्तीतल्या गटात तिला घेतात का बघा. हप्ता तिच्या हातानं भरू द्या.

त्याच्या हातात पैसा

निराधारचं मानधन बहुतेक घरांत किराण्यात जिरतं. घर गरीब असतं, मी दोष देत नाही. तरी त्यातले आठवड्याला पन्नास रुपये त्याच्या खिशात जाऊ द्या. आठवडी बाजारात त्यानं स्वतः भजी घ्यावीत, फसावं, पुढच्या वेळी दुसऱ्या गाड्यावर जावं. हिशेब येत नसेल तर रोज एकच नोट द्या, दहाची. एका नोटेत एक चहा, एवढं पुष्कळांना कळतं. जो चहा पाजू शकतो त्याच्याशेजारी लोक बसतात.

घाबरण्यासारखं काय

फिट येणारा असेल तर त्या जागी दोघा-तिघांना आधीच शिकवा. कुशीवर वळवा, डोक्याखाली कापड, गळ्याजवळचं सैल, आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. कांदा-चप्पल हुंगवायची नाही. हात-पाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर 108.

चिडवणं होणारच. पोरं एक-दोन दिवस मागं लागतात, तेव्हा पोरांतल्याच म्होरक्याला धरा आणि त्याला काहीतरी शिकवायला लावा. मोठ्या माणसांचं चिडवणं वेगळं. चारचौघांत मुद्दाम अपमान करणं, मारहाण, लैंगिक त्रास, खाणं-पिणं अडवणं हा दिव्यांग हक्क अधिनियम 2016 च्या कलम 92 खाली गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा. आणि शोषण होतंय हे कळलेला कुणीही, नातेवाईक नसला तरी, कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांताला कळवू शकतो.  अंगावर वळ, अचानक त्या जागी जायला नकार, झोप उडणं, एकाच माणसाला बघून आखडणं, अशा खुणा दिसल्या तर काम-बिम बाजूला ठेवून आधी त्याच्याशी एकांतात बोला.

कागद, थोडक्यात

कागद महत्त्वाचे, पण ह्यांवर एजंट लोक पुरेसे जगतात, म्हणून लवकर आटपतो. युडीआयडी कार्डाचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, तपासणी जिल्हा रुग्णालयात; निळी पट्टी 80 टक्के आणि वर, पिवळी 40 ते 80, पांढरी 40 च्या खाली. निराधारचा अर्ज तहसीलमध्ये. दिव्यांगांना आधी दरमहा 1500 मिळत, 2025 मध्ये ते 2500 झाले. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व, बहुदिव्यांगत्व असेल तर राष्ट्रीय न्यास ह्या केंद्र सरकारच्या संस्थेचा ‘निरामय’ आरोग्य विमा, वर्षाला 1 लाखापर्यंत, थेरपीचाही खर्च त्यात बसतो. त्याच न्यासाच्या 1999 च्या कायद्याखाली अठरा वर्षांनंतरचं कायदेशीर पालकत्व जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती देते. अठरा झाल्यावर आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, हे कित्येकांना बँकेच्या खिडकीवर कळतं. पण पालकत्वाचा कागद बँकेसाठी. त्यानं पारावर बसायचं की नाही हे त्या कागदावर ठरत नाही. दिव्यांग हक्क अधिनियम 2016 च्या कलम 5 नं समाजात राहण्याचा हक्क त्याचा स्वतःचा आहे.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. पुष्कळ ठिकाणी वर्षाअखेरीस हजार-हजार वाटून विषय मिटवतात. ग्रामसभेत जाऊन देवळाचा उतार, वाचनालयातला संडास अशी सगळ्यांची गोष्ट मागा. आणि मागणी त्यानंच वाचून दाखवावी, अडखळत का होईना. आमच्याकडं एकदा सात मिनिटं लागली. कुणी उठून गेलं नाही.

येळवशीला बोलावणं मागा

हे लातूर-धाराशिवकडच्यांसाठी. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवशीला, गावं ओस पडतात, सगळे शेतात, आणि त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्यालाही भज्जी-आंबील खाल्ल्याशिवाय कुणी सोडत नाही. वर्षातला ओळखी वाढवायचा सगळ्यात सोपा दिवस. आपल्या शेतात न्याच, पण दुसऱ्याच्या शेतातही न्या, ज्याच्याशी दूध केंद्रावर किंवा हरिपाठाला ओळख झाली त्याच्या. जाताना त्याच्या मांडीवर आंबिलाचं मडकं द्या, पाहुणा रिकाम्या हातानं जात नाही. चाकाची खुर्ची बांधावर थांबेल, आत नेता येणार नाही. दोघांनी बाज उचलून झाडाखाली टाकावी. वर्षभरात ज्याला दुसऱ्याच्या येळवशीचं एकही बोलावणं आलं नाही त्याला गावात अजून जागा झालेली नाही, असं मी धरतो.

बिनसलं तर, आणि आईचं काय

बिनसतं. केंद्रवाला बदलतो, सप्ताह संपतो, सोबती पुण्याला कामाला जातो. म्हणून एकाच जागेवर भिस्त ठेवू नका, पहिली जमली की तीन महिन्यांनी दुसरी सुरू करा. तो स्वतःच जाईना झाला तर आठ दिवस थांबा, मग पुन्हा फोटो घेऊन विचारा. आवड बदलते, आपलीही बदलते.

पोरगं तासभर बाहेर गेलं की आई मोकळी होते आणि पहिले काही दिवस तिलाच करमत नाही. रडतात कित्येकजणी. त्या तासाचं काय करायचं, ते तिच्याशी आधीच बोलून ठेवा: शेजारीण, बचत गट, नुसती झोप. खूप दिवस मन उदास राहत असेल, झोप नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर टेली-मानसचा 14416 हा फुकट क्रमांक आहे, मराठीत बोलतात, चोवीस तास.

सहा महिन्यांनी तीच वही

पुन्हा आठ दिवस लिहा, तेच तीन रकाने.

औशाच्या त्या घरी मी दुसऱ्यांदा वही मागितली तेव्हा आई रागात होती. वही पुढं टाकून म्हणाली, “तुम्हीच वाचा, सर, काय दिवे लावलेत ते.” तिसऱ्या रकान्यात तिनं शेजारच्या पोराकडून लिहून घेतलं होतं: हॉटेलवाला दारात आला होता. चहाची उधारी, 40 रुपये. स्वतःचे दोन, मित्रांचे दोन. मी तिला विचारलं, मित्रांची नावं काय? ती म्हणाली, मला काय माहीत, त्यालाच विचारा.